एका अक्षरात अडकलेला चार्वाक : साताऱ्यातल्या ग्रंथालयातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. ही हकिगत गेल्या जानेवारीतली. विद्यार्थिनीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, शोधाचा मार्ग मात्र जसा घडला तसाच मांडला आहे.

ती बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होती, मुख्य विषय तत्त्वज्ञान. गाव पाटण तालुक्यात, शिकायला सदर बझारात मावशीकडे. शनिवारी दुपारच्या एसटीने गावी जायची, आणि गावात गेलं की मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त देवळामागच्या टेकाडावर. शेवटच्या सत्रात वीस पानांचा संशोधन प्रकल्प करायचा होता. तिने विषय निवडला ‘चार्वाकांचा अनुमानप्रमाणाला विरोध’. चार्वाक म्हणजे परलोक न मानणारं, जडवादी म्हणजे भौतिक जगच खरं धरणारं प्राचीन भारतीय दर्शन, आणि अनुमानप्रमाण म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष हे ज्ञानाचं साधन मानणं. तत्त्वज्ञानाच्या सरांनी अट घातली होती की किमान सहा लेख तज्ज्ञांनी परीक्षण केलेल्या, म्हणजे पीअर रिव्ह्यूड नियतकालिकांतले हवेत आणि त्यांतले दोन तरी २०१० नंतरचे हवेत. हातात तीन आठवडे होते.

वाचनाच्या बाबतीत ती अजिबात कच्ची नव्हती. साताऱ्यात अनेक वर्षं संस्कृत शिकवलेल्या डॉ. आ. ह. साळुंखे यांचं ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ तिने पूर्ण वाचलं होतं, टिपणं काढली होती. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे असं आपण म्हणतो, पण ‘जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी’ ही व्याप्ती कुणी कधी पाहिली, हा चार्वाकांचा आक्षेप ती मला काउंटरवर उभ्याउभ्या समजावून सांगायची. अडलं होतं ते पुस्तकाकडून लेखाकडे जाताना.

अडचण

आमच्याकडे एन-लिस्टची वर्गणी आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही योजना २०१० पासून महाविद्यालयांना सहा हजारांवर ई-नियतकालिकं आणि लाखावर ई-पुस्तकं वाचायला देते. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा लॉगिन लागतो आणि विद्यार्थ्यांची नावं महाविद्यालयाने चढवायची असतात. तिसऱ्या वर्षाची यादी आम्ही त्या वर्षी चढवलीच नव्हती. पहिले दोन दिवस माझे त्यात गेले. पासवर्डचा ईमेल तिच्या स्पॅममध्ये जाऊन बसला होता, त्यात तिसरा दिवस गेला. लॉगिन चालू झाला तेव्हा मला वाटलं, काम झालं.

चौथ्या दिवशी दुपारी ती परत आली. चेहरा पडलेला.

“मॅडम, चार्वाकावर कुणी लिहिलेलंच नाही वाटतं.”

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, काय केलंस ते मला परत करून दाखव. तिने शोधाच्या चौकटीत अख्खं इंग्रजी वाक्य टाइप केलं, अगदी प्रश्नचिन्हासकट : चार्वाकांनी ज्ञानाचं साधन म्हणून अनुमान का नाकारलं? पुढे हजारोंनी निकाल. वरच्या पानावर संख्याशास्त्र, मानसशास्त्र, अमेरिकेतल्या न्यायालयांचे पुराव्याचे नियम. चार्वाकाचा पत्ता नाही. मग तिने चार्वाक हा एकच शब्द टाकला. थोडे निकाल आले, आणि तेही बरेचसे किरकोळ उल्लेख.

तिने तोवर उतरवून घेतलेल्या सात पीडीएफ मी एकेक उघडल्या. दोन पुस्तक परीक्षणं होती, तीन-तीन पानांची. डाव्या कोपऱ्यात पुस्तकाचं नाव, प्रकाशक, किंमत असं स्पष्ट छापलेलं होतं, पण परीक्षणही नियतकालिकातच छापलेलं असल्यामुळे तिने ते लेख म्हणून धरलं होतं. एक फाइल म्हणजे अंकाची नुसती अनुक्रमणिका. एक पीएच.डी.च्या प्रबंधाचं प्रकरण, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचं. तीन लेख अशा नियतकालिकांतले, ज्यांच्या संकेतस्थळावर लेख छापण्याचे दर पहिल्याच पानावर आणि ‘सात दिवसांत प्रसिद्धी’ असं आश्वासन. गणितापासून मराठी साहित्यापर्यंत सगळे विषय एकाच अंकात. त्यांतल्या एका लेखातला परिच्छेद तर जसाच्या तसा विकिपीडियावरचा होता. सातांपैकी कामाचा एकही नाही.

इथे मी एक गोष्ट मान्य करते. तीन दिवस मी ज्याला अडचण समजत होते ती दाराच्या किल्लीची अडचण होती. तिची खरी अडचण आत गेल्यावर काय म्हणून हाक मारायची ही होती, आणि ती मी विचारलीच नव्हती.

कोणते पर्याय होते

सरांनी विषय बदलायची मुभा दिली होती. शंकराचार्यांवर किंवा गीतेवर लेख ढिगाने मिळतात. तिला ते नको होतं, आणि मलाही पटत नव्हतं. शोधता येत नाही म्हणून प्रश्न सोडून द्यायचा, ही सवय एकदा लागली की पुढे जाते.

सरळ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय गाठायचं, हा दुसरा पर्याय. नियतकालिकांची वर्गणी देशभरच्या संस्थांसाठी एकत्र भरण्याच्या केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार नियतकालिकं. पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांपुरती होती. शिवाजी विद्यापीठ त्यात बसतं, शिक्षणसंस्थेने चालवलेलं आमच्यासारखं महाविद्यालय नाही. या योजनेचं मला मनापासून कौतुक आहे, पण ग्रामीण भागातली बहुतेक मुलं ज्या महाविद्यालयांत शिकतात ती आधी बाहेर राहावीत, याचं वाईटही वाटतं. कोल्हापूर सव्वाशे किलोमीटर. जाऊन-येऊन एक दिवस आणि एसटीचं भाडं.

तिसरा पर्याय तिच्या मावसभावाने सुचवला. टेलिग्रामवर आणि दोन-तीन संकेतस्थळांवर कुठलाही लेख फुकट मिळतो, फक्त क्रमांक टाकायचा. ग्रंथालयाच्या संगणकावर मी ते करू देणार नव्हते, कायद्याच्या कारणाने. पण तिला मी दुसरं कारण सांगितलं. त्या ठिकाणाहून लेख मिळतो तो आधी माहीत असेल तर. कोणता लेख मागायचा हेच ठाऊक नसेल तर तिथेही हात रिकामेच राहतात.

उरला चौथा मार्ग. आधी शब्द नीट करायचे, उघड्यावर जे उपलब्ध आहे ते पूर्ण धुंडाळायचं, हव्या असलेल्या लेखांची यादी करायची आणि न मिळालेल्यांसाठीच कोल्हापूरला जायचं. आम्ही हा धरला. प्रवास यादीच्या आधी करायचा की नंतर, हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता असं मला आजही वाटतं. रिकाम्या हाताने गेली असती तर तिथेही तिने तेच लांबलचक वाक्य टाइप केलं असतं.

काय केलं

संगणक बंद केला आणि कागद घेतला. आडव्या पानाचे तीन रकाने पाडले : कोण, काय, कुठल्या चर्चेत.

पहिल्या रकान्यात ‘चार्वाक’ लिहिलं आणि तिथेच गाठ सापडली. ती हा शब्द इंग्रजीत ‘सीएच’ने सुरू करत होती, आपण सगळे करतो तसा. पण संस्कृत शब्द रोमन लिपीत लिहिण्याची अभ्यासकांची जी पद्धत आहे, तिच्यात च साठी नुसता ‘सी’ असतो आणि ‘सीएच’ हा छ साठी राखलेला. म्हणजे अभ्यासकांच्या नियतकालिकांत चार्वाक बहुतेक ठिकाणी ‘सी, ए, आर’ असा सुरू होतो. ती ज्या स्पेलिंगने हाक मारत होती त्याला तो ओ देतच नव्हता. हे कळल्यावर ती क्षणभर गप्प बसली, मग वहीत च आणि छ शेजारी-शेजारी लिहून त्यांच्यासमोर रोमन अक्षरं लिहिली आणि म्हणाली, “म्हणजे चार दिवस मी छार्वाक शोधत होते.”

नावंही एकच नाही. लोकायत, बार्हस्पत्य, आणि इंग्रजीत नुसतं ‘भारतीय जडवाद’. जडवादाचा इंग्रजी शब्द एकटा टाकला की मार्क्स येतो आणि बाकी कुणाला जागा ठेवत नाही, म्हणून त्याला भारतीय हे विशेषण अवतरणचिन्हांत बांधून टाकावं लागतं.

दुसऱ्या रकान्यात अनुमान, व्याप्ती, प्रमाण. यांचे इंग्रजी प्रतिशब्द काढायला भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश घेतला. तो इंग्रजीवरून मराठीकडे जातो, त्यामुळे उलटा शोधावा लागला, पण तिने ते चिकाटीने केलं. पुष्कळ अभ्यासक मूळ संस्कृत शब्दच ठेवतात, म्हणून अनुमान हा शब्दही रोमन लिपीत ठेवला. तिसऱ्या रकान्यात संशयवाद (याचंही इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांचं, ब्रिटिश ‘सी’ने आणि अमेरिकी ‘के’ने) आणि ‘इंडक्शनचा प्रश्न’, म्हणजे पाहिलेल्या थोड्या उदाहरणांवरून सगळ्यांविषयीचा नियम कसा काढायचा हा प्रश्न. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने अठराव्या शतकात विचारलेला हा प्रश्न आणि चार्वाकांचा व्याप्तीवरचा आक्षेप यांची तुलना करणारं लेखन बरंच आहे आणि ते ह्यूमच्या नावाखाली सापडतं.

मग संगणक सुरू केला. एका रकान्यातले शब्द आपसात ‘ऑर’ने जोडायचे आणि त्याभोवती कंस, दोन रकाने एकमेकांना ‘अँड’ने. कंस विसरला की यंत्र आपल्या मनाने गट पाडतं आणि निकाल भलतेच येतात. हे तिला दोनदा चुकून कळलं आणि मग पुन्हा चुकलं नाही.

सुरुवात जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर केली, तीही महाविद्यालयाच्या वर्गणीवर अवलंबून न राहता. व्यक्तिगत मोफत खातं काढलं तर तीस दिवसांत शंभर लेख पडद्यावर वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, पण टिपणं काढता येतात. लेखाचा प्रकार निवडायच्या ठिकाणी फक्त ‘लेख’ ठेवून परीक्षणं वगळली. सारांशात शोधण्याची सोय मात्र वापरली नाही, कारण जुन्या लेखांना सारांशच नसतो आणि ते सगळे हातचे जातात.

एक चूक इथे झाली. निकाल आटोक्यात यावेत म्हणून तिने विषयात फक्त ‘तत्त्वज्ञान’ ठेवलं. मलाही ते बरोबर वाटलं. यादी छोटी, नेटकी दिसत होती. दुसऱ्या दिवशी एका लेखाच्या तळटीपेत पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या ‘ॲनल्स’मधल्या लेखाचा उल्लेख आला, तोच आमच्या यादीत नव्हता. प्राच्यविद्येची नियतकालिकं तिथे आशियाई अभ्यासाच्या खणात असतात. भारतीय दर्शनांवर इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं घर दोन ठिकाणी विभागलेलं आहे, काही तत्त्वज्ञान विभागांत आणि काही संस्कृत-प्राच्यविद्येत. चाळणी काढली आणि कामाचे आणखी लेख वर आले.

समांतर तीन ठिकाणं पाहिली. फिलपेपर्स ही डेव्हिड बुर्जे आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी २००९ मध्ये सुरू केलेली तत्त्वज्ञानाची सूची. लेख तिथे असेलच असं नाही, पण कुणी काय लिहिलंय ते कळतं, आणि तिच्या जोडीच्या फिलआर्काइव्हवर लेखकांनी स्वतः ठेवलेल्या प्रती मोफत मिळतात. दुसरं, स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञान विश्वकोश, १९९५ पासून सर्वांना खुला. त्यात चार्वाकांशी जोडल्या जाणाऱ्या जयराशि भट्ट या संशयवादी तत्त्वज्ञावर स्वतंत्र नोंद आहे. त्याच्या ‘तत्त्वोपप्लवसिंह’ या ग्रंथाचं हस्तलिखित १९२६ मध्ये पाटणला सापडलं (पाटण वाचून तिने मान वर केली, पण हे गुजरातचं) आणि १९४० मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून ते छापलं गेलं. विश्वकोशाची नोंद ही लेख म्हणून मोजायची नाही, हे तिला आधीच सांगितलं. तिचा उपयोग शेवटच्या संदर्भसूचीसाठी. तिसरं, पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’. त्याचे जुने अंक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, स्कॅन केलेले. शब्द टाकून शोधण्यापेक्षा अनुक्रमणिका डोळ्यांनी चाळणं तिथे जास्त फळलं.

शोधवहीही याच वेळी सुरू केली. तारीख, कुठे शोधलं, कोणते शब्द कोणत्या क्रमाने टाकले, काय मिळालं, का सोडलं. पहिले दोन दिवस तिला हे ओझं वाटलं. शनिवार-रविवार गावी जाऊन आल्यावर सोमवारी वही उघडून जिथे सोडलं तिथूनच उचलता आलं, तेव्हा पटलं.

दहाव्या दिवसापर्यंत हव्या असलेल्या लेखांची चौदा नावं हातात होती. सात वाचायला मिळाले होते, सातांचा फक्त पत्ता होता. त्या सातांतले चार अलीकडचे, स्प्रिंगरच्या ‘जर्नल ऑफ इंडियन फिलॉसॉफी’मधले. जेस्टोरवर नियतकालिकांची ताजी वर्षं बहुधा नसतात, म्हणून हे अडले. आमचं पत्र आणि यादी घेऊन ती एका गुरुवारी कोल्हापूरला गेली. ग्रंथालय उघडायच्या आधी पोचली होती. चारांपैकी तीन मिळाले. चौथ्यासाठी तिने लेखकाला ईमेल लिहिला, मी फक्त इंग्रजी तपासून दिलं.

मराठीचा प्रश्न

एक निर्णय माझ्या मते अर्धवट राहिला. वाईची प्राज्ञपाठशाळा ‘नवभारत’ मासिक चालवते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि मे. पुं. रेगे यांच्यासारख्यांनी ते सांभाळलं. आमच्या ग्रंथालयात त्याचे काही वर्षांचे बांधीव अंक आहेत. तिने तळघरात बसून, तोंडाला ओढणी बांधून, अनुक्रमणिका चाळल्या आणि भारतीय जडवादावरचे दोन लेख काढले. त्यांतला एक तिच्या प्रश्नाला कोल्हापूरहून आणलेल्या कुठल्याही लेखाइतकाच भिडणारा होता.

तो ‘पीअर रिव्ह्यूड’ आहे का? आजच्या व्याख्येने नाही. मग तो विद्वत्तापूर्ण नाही का? सरांशी यावर चांगला अर्धा तास बोलणं झालं. त्यांचंही म्हणणं रास्त होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने दर्जेदार नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यानंतर चांगलं नियतकालिक कोणतं हे प्रत्येक ठिकाणी आपापलं ठरवायचं आहे, आणि मोकळीक दिली की पैसे घेऊन छापणारेही त्याच दारातून आत येतात. शेवटी ठरलं की सहा लेखांची अट तशीच राहील, नवभारतमधले दोन त्यांच्यावर वाढीव म्हणून घ्यायचे आणि ते का घेतले हे प्रस्तावनेत लिहायचं. मी आणखी जोर धरायला हवा होता असं मला वाटतं. ज्या लेखनाला कुठल्याही डेटाबेसमध्ये जागा नाही ते अस्तित्वातच नाही असं मूल समजायला लागतं, आणि मराठीत तत्त्वज्ञानावर झालेलं बहुतेक गंभीर लेखन असं डेटाबेसच्या बाहेर पडलेलं आहे.

निष्पत्ती

प्रकल्प मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. शेवटच्या सूचीत आठ इंग्रजी लेख होते : चार जेस्टोरवरून, तीन कोल्हापूरहून, एक पुण्याच्या क्वार्टर्लीमधून. नवभारतचे दोन वेगळे. २०१० नंतरचे तीन.

पण लेखांनी तिच्या प्रश्नालाच धक्का दिला, हे मला मोठं वाटतं. ती आली होती ती ‘चार्वाकांनी अनुमान का नाकारलं’ असं विचारत. माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’वरून चित्र तसंच उभं राहतं. एका लेखाच्या तळटीपेतून ती आठव्या शतकातल्या कमलशील या बौद्ध पंडितापर्यंत पोचली. त्याने पुरंदर नावाच्या चार्वाकाचं मत नोंदवलं आहे : लोकव्यवहारात चालणारं अनुमान आम्हालाही मान्य आहे, लौकिकाची वाट ओलांडून परलोकाकडे जाणारं मान्य नाही. म्हणजे सगळ्यांनीच सगळं अनुमान नाकारलेलं नव्हतं. तिने शीर्षकात ‘विरोध’च्या जागी ‘मर्यादा’ घातलं आणि सरांकडे जाऊन ते मंजूर करून घेतलं. पुस्तकावरच थांबली असती तर हा बदल झाला नसता.

लेखकाचं उत्तर प्रकल्प सादर झाल्यावर नऊ दिवसांनी आलं, लेखासकट. आता उपयोग नव्हता, तरी तिने तो छापून घेतला आणि वाचला.

वेगळं काय करता आलं असतं

लॉगिनची यादी आता आम्ही ऑगस्टमध्येच चढवतो आणि प्रत्येकाला ग्रंथालयातच पहिल्यांदा लॉगिन करून पाहायला लावतो. हे सोपं होतं, फक्त आधी केलं नव्हतं.

दुसरं सोपं नव्हतं. विद्यार्थी ‘लेख मिळत नाही’ म्हणाला की माझा हात आपोआप पासवर्डकडे, वर्गणीकडे, नेटकडे जायचा. आता मी आधी विचारते, “काय टाइप केलंस ते दाखव.” भारतीय दर्शनांवरचा विषय असेल तर त्याआधी कागदावर रोमन स्पेलिंगं. वैशेषिकातल्या ष ला, शून्यवादातल्या श ला हाच घोळ होतो. सरांबरोबर बसून अशा साठेक शब्दांचा तक्ता केला आहे, मराठी शब्द, अभ्यासकांचं स्पेलिंग, चालू स्पेलिंग. तो संगणकांच्या वरच्या भिंतीवर आहे.

विषयाची चाळणी लावण्याआधी तिच्यामुळे काय बाहेर जातं ते पाहायला हवं होतं. आम्ही दोघींनीही पाहिलं नाही आणि तळटीप भेटली नसती तर ते कळलंही नसतं.

कोल्हापूरला एकाऐवजी दोन मुलांना पाठवायला हवं होतं. त्याच वर्गातला एक मुलगा बौद्ध क्षणिकवादावर अडला होता आणि त्याने विषय बदलला, हे मला मार्चमध्ये समजलं.

नवभारतच्या अंकांचं काम अजून चालू आहे. तिने काढलेल्या अनुक्रमणिकांपासून सुरुवात करून तत्त्वज्ञानावरच्या लेखांची पत्रकं लिहितोय, लेखक, शीर्षक, महिना, वर्ष, पान. अकरा खंड झालेत. परीक्षा संपल्यावरही ती दोन आठवडे त्यासाठी येत होती. तिच्या हातची पत्रकं लगेच ओळखू येतात, चार्वाकासमोर दोन्ही स्पेलिंगं लिहिलेली असतात.